चाचीच्या कोनाड्यातलं प्रस्थान

आई कधी हैदराबादला गेली नाही, पण तिथल्या गल्ल्या तिला पाठ होत्या. शेजारच्या चाचीनं तिला त्या तुरीच्या दाण्यांनी शिकवल्या होत्या. दुपारी दोघी आमच्या ओसरीवर तूर निवडायला बसत. चाची सुपात चार दाणे मांडी, ते चारमिनार. त्यामागं दाण्यांची ओळ, ती तिच्या माहेरची गल्ली. सुपाच्या कडेला मूठभर तुरीचा ढीग, तो मौला अलीचा डोंगर.

"तीन दिवस शहर बघायचं, आक्का, आन् चौथ्या दिवशी डोंगर चढायचा," ती म्हणे. "वर वारं असलं, की डोक्यावर पदर ऱ्हात न्हाय."

आई त्या ढिगाकडं बघत बसे आणि तुरीतले खडे तसेच राहून जात. जेवताना वडिलांच्या दाताखाली खडा आला, की मी म्हणायची, "हा हैदराबादचा."

चाचीचा नवरा शिंपी. लग्न होऊन ती आमच्या धाराशिवला आली त्याला बारा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात माहेरी दोनदाच गेली होती. आईला तर सोलापूरच्या पलीकडचं जग ऐकूनच ठाऊक. दोघींनी आपापल्या नवऱ्याच्या मागं भुणभुण लावून शेवटी होकार मिळवला. चाचा सोबत येणार होता. मी नऊ वर्षांची, मलाही नेणार होत्या. त्यासाठी चाचानं मला जांभळं परकर-पोलकं शिवायला घेतलं होतं.

फाल्गुन ठरला. शिवरात्र होऊन गेलेली, शिमगा अजून लांब, थंडी सरलेली आणि ऊन चावायला लागायचं असतं, ते दिवस. सोलापूरपर्यंत मोटार, तिथून आगगाडी, वाडीला गाडी बदलायची. दशम्या किती, शेंगाची चटणी कशात, वळकटी कुणी धरायची, सगळं ठरलं. डोंगर चढताना कुठं बसून दशमी खायची, तेसुद्धा चाचीनं ठरवून ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणून आईनं आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवलं. ही रीत आता फारशी कुणाला माहीत नाही. तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, म्हणजे माणूस निघालं असं धरतात. मग दोन-चार दिवसांनी ते गाठोडं उचलून पुढं जायचं. जाणं रद्द झालं तर ते परत आणायचं. तसंच राहिलं तर त्या घरातून कुणाचं तरी जाणं होतंच, असं आईचं ठाम मत. तिनं गाठोडं चाचीच्या कोनाड्यात ठेवलं.

"आता मी घरात न्हाय," घरी येऊन भाकरी थापता थापता ती म्हणाली. "मी वाटंला लागले." तिला इतकं खुशीत मी आधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वडील बाहेरून आले ते चपला न काढता. निजामाचं राज्य डळमळीत झालं होतं. सोलापूरच्या रस्त्यावर निजामाची माणसं मोटारी अडवून लोकांना उतरवून घेत होती.

"कुठं जायचं न्हाय," ते म्हणाले.

आईनं तव्यावरची दशमी उलथली. मग मला म्हणाली, "जा, माझं प्रस्थान घेऊन ये."

मी गेले. चाची माझ्याच पोलक्याला काजं करत बसली होती. गाठोडं कोनाड्यात होतं. ते उचललं की हैदराबाद संपलं, एवढं मला कळत होतं. मी पोलकं अंगाला लावून बघितलं आणि काहीच न मागता परत आले. आईला सांगितलं, "चाची म्हणाली, राहू द्या आक्का, आज ना उद्या जायचंच हाय."

"असं म्हणली?" आईनं विचारलं. तिचा चेहरा उजळला. मी मान हलवली.

त्यानंतर दोघी भेटत, पण जाण्याचा विषय कुणीच काढत नव्हतं. काढला असता तर रडल्याच असत्या. मी मात्र रोज धास्तावलेली असे.

भाद्रपदात भारताची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. मागोमाग गावात जे झालं ते आमच्याच माणसांनी केलं. राग होता आधीच्या जुलमाचा, निघाला तो ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावर. चाचाचं दुकान फोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचीचं दार सताड उघडं होतं. दोघं कधी गेली, कुठं गेली, कुणी पाहिलं नव्हतं.

आई आत गेली, मी तिच्या मागं. शिवणाचं मशीन आडवं पडलेलं, तूर घरभर सांडलेली. भांडी, कपडे जागच्या जागी. कोनाडा तेवढा रिकामा. आई त्या तुरीतच खाली बसली.

"प्रस्थान माझं, आन् निघून ती गेली," ती म्हणाली. "मायेनं ठिवून घेतलं गं तिनं. तेच बाधलं."

वडील तिला समजावत राहिले, की फडक्यातल्या तांदळानं घरं ओस पडत नाहीत, ती माणसं पाडतात. मला वडिलांचं पटत होतं आणि आईचं खरं वाटत होतं.

त्यानंतर दर फाल्गुनात तूर निवडताना आई विचारी, "काय म्हणली होती गं ती?" मी सांगे. चाचीचं म्हणून आमच्या घरात तेवढं एकच वाक्य उरलं होतं, आणि ते माझं होतं. तिला शोधणार तरी कसं? तिच्या माहेरच्या गल्लीचं नावच आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं होती ती दाण्यांची ओळ.

पुढं मी नोकरीला लागले, तेव्हा म्हटलं, चल, तुला हैदराबाद दाखवते. आई म्हणाली, "मी निघालेली हाय. दुसऱ्यांदा कसं निघू?"

ती अंथरुणाला खिळली तोही फाल्गुनच होता. आता सांगून टाकायचंच, असं मी ठरवलं. उशाशी बसून तिचा हात धरला. "आई, त्या दिवशी चाची काही म्हणाली नव्हती. मी गाठोडं मागितलंच नव्हतं."

तिनं डोळे उघडले नाहीत. "म्हणली होती," ती म्हणाली. "राहू द्या आक्का, आज ना उद्या जायचंच हाय." शब्द माझे होते, पण आवाज चाचीचा.

खोलीचं दार लावलेलं होतं, खिडकीही बंद होती.

"वारं लई हाय गं इथं," आई म्हणाली. "माझा पदर धर."

मी धरला.