विचारणारं माणूस

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी शाळेचा शिपाई दारात येतो आणि सांगतो, "नाना, सकाळी लवकर या. मेडलं लावीसन या." दरवर्षी हेच. जणू मी मेडलं विसरून गेलो तर झेंडा वर जायचाच नाही. मी जातो. खुर्ची देतात, फेटा बांधतात, शाल आणि नारळ हातात ठेवतात. माझ्या कपाटात शालींची एवढी चळत झालीय की शहाद्याला जाऊन दुकान टाकावं. आमच्या या मुलखात, जिथं मार्चपासून अंगावर सदरा नकोसा होतो, माणसाला शाल कशाला देतात हे मला आजवर कळलेलं नाही.

मग मुख्याध्यापक कानाशी येतात. "नाना, दोन शब्द. जरा जोशाचं सांगा. आणि थोडक्यात." मी उठून उभा राहतो. मुलं उन्हात बसलेली असतात, त्यांचं लक्ष खाऊच्या पातेल्याकडे. एखादा धीट पोरगा विचारतोच, "आजोबा, तुम्ही किती मारले?" मी सांगतो, बाबा रे, मी सिग्नलमध्ये होतो, तार ओढायचो, वायरलेस सेट सांभाळायचो, माझ्या हातून कुणी मेलं नाही. पोरांचे चेहरे असे पडतात की मलाच वाईट वाटतं. सुरतेला माझा नातू आहे, तो मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळतो. त्याला मी तार ओढायचो म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे केबलवाले?"

एका वर्षी मी हट्टाला पेटलो. म्हटलं, जोश गेला खड्ड्यात, आज मी माझ्या दोस्ताचं सांगणार. सांगायला लागलो. वर बर्फात आमचं ठाणं होतं, माणसं मोजकीच, तिथं डाळ शिजायला अर्धा दिवस जायचा. माझा एक पहाडी जोडीदार होता. मी एवढं बोललो आणि मुख्याध्यापकांनी हसत टाळ्या वाजवल्या, मुलांनी वाजवल्या, आणि मागं कुणीतरी गाणं लावून दिलं. मी माइकसमोर तोंड उघडं ठेवून उभा. मग खाऊ वाटला. मलाही द्रोणात बुंदी मिळाली.

घरी आलो. घरी म्हणजे रिकाम्या घरी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुरतेला कापड बाजारात आहे, तो म्हणतो, "पप्पा, इकडे या, तिथं एकटे काय करता?" गेलो होतो. सातव्या मजल्यावर माणूस काय करतो तेही पाहून आलो. इथं निदान केळीच्या गाड्या जाताना दिसतात. बरं, गावातही मी धड कुणाचा नाही. ऐन तारुण्य पलटणीत गेलं, माझ्या अहिराणीत हिंदी घुसली ती निघालीच नाही. चावडीवर बसलो की बोलता बोलता "अच्छा, ठीक है" निघून जातं आणि लोक एकमेकांकडे बघून हसतात. "फौजी उना," म्हणजे फौजी आला, म्हणतात. कौतुकानं म्हणतात, मला ठाऊक आहे. पण मी आलो की गप्पा ऊस-कापसावरून सीमेवर जातात, सगळे मलाच माझ्या कामाचं समजावून सांगतात, आणि मी ऐकत बसतो.

त्या पोरीशी माझी ओळख भांडणातून झाली. ओळख म्हणजे, समोरच्याच घरातली ती, लहानपणापासून पाहिलेली. पण तिच्याशी बोलणं कधी झालं नव्हतं. लोणखेड्याला कॉलेजात जायची. लोणखेड्याच्या रस्त्यावर सकाळी भरतीची पोरं पळतात, त्यांच्यात ती एकटी मुलगी. मी फिरायला जायचो तेव्हा ती बाजूनं धप धप करत निघून जायची. एके दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, पळतेस की धुणं आपटतेस? गुडघे जातील की वर्षभरात." ती थांबली. मला वाटलं, आता ऐकवते दोन शब्द. ती म्हणाली, "मंग दाखाडा ना कसं पळानं ते." या वयात मला तिनं रस्त्यावर पळवून दाखवायला लावलं. मागची पोरं हसून बेजार.

त्यानंतर ती संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊ लागली. आधी पळण्याचं विचारायची, मग बूट कसले घ्यावेत, मग मेडिकलला काय काय बघतात. मग एक दिवस म्हणाली, "नाना, तुमची पहिली पोस्टिंग कुठं होती?" मी सांगितलं. तिनं पुढचं विचारलं. मी सांगत गेलो. दिवे लागून गेले तरी ती बसलेली. ती उठून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आज इतकं बोललो की घसा दुखतोय. मी ओट्यावर बसून एकटाच हसलो.

मग मी खोटं कशाला बोलू, मी तिची वाट बघायला लागलो. चार वाजल्यापासून ओटा झाडून ठेवायचो. शेंगदाणे भाजून ठेवायचो. तिला उशीर झाला की चिडायचो, आणि आली की उगाच रागावून दाखवायचो.

तिचा बाप केळीच्या गाड्या भरायला जातो. आई ती पोर लहान असतानाच गेली. घरात ते दोघंच. एके दिवशी दुपारी तो खांद्यावरचा गमछा काढून माझ्यासमोर बसला. केळीच्या चिकानं त्याचे हात काळे पडलेले असतात, ते तो गुडघ्यावर पालथे ठेवून बसला.

"नाना, मन्ही पोर भरतीमा जावानं म्हनस. तुम्हनं ती ऐकस. तुम्ही तिले सांगा ना, तठे काय हाल व्हतस ते. ती घाबरी जाई तर बरं व्हई." मग खाली बघत म्हणाला, "ती गयी तर माले कोण शे?"

मी हो म्हणालो. त्याच्यासाठी म्हणालो, पण त्यात माझाही स्वार्थ होता. पोर राहिली असती तर संध्याकाळी ओट्यावर आली असती. कुणाशी तरी लग्न होऊन जाईपर्यंत का होईना, आली असती. आणि घाबरवायला मला काही बनवून सांगायची गरज नव्हती. खरं सांगितलं की कुणीही घाबरेल, असं मला वाटत होतं.

त्या संध्याकाळी मी तिला माझ्या दोस्ताचं सांगितलं. अगदी सगळं. वर ठाण्यावर त्याला आधी खोकला लागला. मग दम लागायला लागला, झोपलं की छातीत पाणी भरल्यासारखा आवाज यायचा. वरच्या विरळ हवेत असं होतं, आणि त्यावर औषध एकच, माणसाला खाली न्यायचं. सेटवर मी होतो. मी खाली सांगत होतो, हेलिकॉप्टर पाठवा. खालून उत्तर यायचं, मौसम खराब आहे. उत्तर देणाराही माझ्यासारखाच कुणीतरी होता, त्याचा आवाजही रडवेला झालेला. मी दोस्ताजवळ येऊन सांगायचो, निघालंय, येतंय. त्याचे पाय चोळायचो. तो गेला तेव्हा मी त्याचे पायच चोळत होतो, आणि गेल्यावरही बराच वेळ चोळत राहिलो.

मौसम त्यानंतरही उघडला नाही. तो आमच्यातच राहिला, तंबूच्या एका कडेला, स्लीपिंग बॅगमध्ये. आम्ही जेवायचो, झोपायचो, पहारा बदलायचो, आणि तो तिथंच. चहा केला की आम्ही त्याचाही मग भरून त्याच्या उशाशी ठेवायचो. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. ज्याची चहाची पाळी असेल तो भरायचाच. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. कुणी विचारलंच नाही.

पोरीनं हातातले शेंगदाणे खाली ठेवले. मग तिनं विचारलं, "नाना, मंग तो चहा कोण पेये?"

मला हुंदका आला. मी चांगला रडलो, लाज वाटली नाही. कारण तिनं बरोबर तेच विचारलं होतं. म्हटलं, थंड झाला की आम्ही आळीपाळीनं प्यायचो. वर काही फेकत नाहीत. ज्याला तो मग मिळायचा तो त्या दिवशी कुणाशी बोलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. वाटलं, आज येणार नाही. ती आली. पाय आपटत नव्हती, मी शिकवलं तसं पळत होती. मला बघून थांबलीसुद्धा नाही, नुसता हात वर केला.

निवड झाली तेव्हा चौकात तिचा बॅनर लागला. गावातून वर्दीत निघालेली पहिली मुलगी. उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, पुढं डीजे, आयाबाया दारोदारी ओवाळायला उभ्या. माझ्या दारापाशी जीप थांबली तेव्हा ती खाली उतरून माझ्या पाया पडली. तिचा बाप जीपमागून चालत होता. त्यानं माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. त्याचं बरोबरच होतं. मी घाबरवायचं कबूल केलं होतं आणि त्याच्या दृष्टीनं मी तिला फितवली होती. शहाद्याच्या स्टँडवर तिला सोडायला अख्खी गल्ली गेली. मी गेलो नाही. त्या बापाच्या शेजारी मला उभं राहवलं नसतं.

पुढचे महिने वाईट गेले. संध्याकाळ झाली की काय करावं कळायचं नाही. ओटा झाडायची सवय मोडली नाही, पण शेंगदाणे भाजायचं सोडलं. समोरच्या घरात तिचा बाप एकटा दिवा लावायचा, इकडे मी लावायचो. मध्ये एक अरुंद गल्ली, आणि दोघंही एकमेकांना दिसत असून बोलत नव्हतो.

तिचं ट्रेनिंग संपलं आणि तिला वर डोंगरात पाठवल्याचं गावात कळलं. त्याच आठवड्यात तिचा बाप गल्ली ओलांडून आला. बस म्हणायच्या आधीच बसला.

"नाना, ती फोनवर काही सांगत नही. तिले तुम्हीन जे सांगेल व्हतं ते माले सांगा. तठे कसं शे? थंडी कितली ऱ्हास?"

आयुष्यभर मी याच माणसाची वाट पाहिली होती. खाऊ वाटायची घाई नाही, किती मारले विचारणार नाही, खरं काय ते ऐकायला आलेला माणूस. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हणालो, "आता पूर्वीसारखं राहिलं नाही. कपडे फार चांगले देतात. आत हीटर असतो."

"आनि तुम्हना संगे तठे कोणी... कोणी गये का?"

"नाही रे," मी म्हणालो. "सगळे परत आलो."

त्याचा चेहरा सैल झाला. माझ्याकडचं पाणी मागून घेतलं, गटागटा प्यायला, आणि उद्या येतो म्हणाला. आता तो रोज येतो. त्याला गोष्टी लागतात आणि मी सांगतो. पहाडी दोस्ताच्या गमतीच त्याला जास्त आवडतात. "तो आते काय करस?" असं त्यानं विचारलं तेव्हा मी दोस्ताला गावी सफरचंदाची बाग लावून दिली. नंतर त्याच्या मुलाचं लग्न करून दिलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

मागच्या महिन्यात पोर सुट्टीवर आली. काळवंडली होती, गालांची सालं निघालेली. दोघं बापलेक माझ्या ओट्यावर येऊन बसले. बाप खुशीत होता, म्हणाला, "नानास्ना पहाडी दोस्तले नातू व्हयना, तुले माहीत शे का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हाव का," ती म्हणाली. "बरं व्हयनं."

बाप दूध आणायला उठून गेला. आम्ही दोघंच राहिलो. मी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "बाई, आता तू सांग. तिथं काय काय झालं? मला सगळं सांग."

तिनं तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं बर्फानं काळसर झाली होती. ती तिनं ओढणीखाली घेतली.

"काही नही नाना," ती म्हणाली. "मस्त शे तठे."