प्रार्थनेतली मोकळी जागा

क्लारा टीचर टाइप केलेला मजकूर कधी पडद्यावर वाचत नसत. बोरिवलीच्या गावठाणाला लागून माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. तिथे स्टुलावर बसून त्या हाताने लिहून आणलेलं वाक्य मोठ्याने वाचायच्या आणि चष्म्याच्या वरून माझ्या तोंडाकडे बघायच्या. माझ्या कपाळाला जरा आठी पडली की पेन बाहेर. "खुपलं ना? सांग, काय खुपलं?" बहुतेक वेळा ती आठी मागे खोळंबलेल्या गिऱ्हाइकाची असायची, पण हे त्यांना काही पटायचं नाही.

महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. गावठाणातल्या जुन्या कॅथलिक घरातल्या. देवाशीही मराठीतच बोलणाऱ्या. गावठाणाच्या तिठ्यावर क्रूस आहे. मे महिन्यात तिथे रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होते आणि मग उकडलेले चणे वाटतात. आम्ही आजूबाजूचे हिंदूही जातो, क्रुसाला हार घालतो, चणे खातो. त्या प्रार्थनांची जुनी पुस्तिका पार फाटली होती, आणि ती नव्याने लिहून काढायचं काम क्रुसाच्या कमिटीने टीचरांवर सोपवलं होतं. सगळं सुरळीत चाललं आणि एका ओळीवर अडलं. 'आमच्या मूर्तिपूजक शेजाऱ्यांना उजेड दिसो.'

"असू दे की टीचर," मी म्हटलं. "मी पूजतेच मूर्ती. घरी गणपती बसतो आमच्या."

"शब्द खोटा नाही गं शुभा. पण तू कधी कुणाला सांगितलंस, नमस्कार, मी मूर्तिपूजक? जो शब्द माणूस स्वतःसाठी वापरत नाही, तो दुसऱ्याने वापरला की त्याला वास येतो."

मग 'अख्रिस्ती' आला. "हा तर तू काय नाहीस तेवढंच सांगतो. काय आहेस ते सांगायची तसदीच नाही." 'परधर्मी'वर त्या भडकल्याच. "एका नळावर पाणी भरलं आपण, आणि पर?" 'विश्वास नसलेले' मी सुचवला. टीचर म्हणाल्या, "तुझी आई निर्जळी संकष्टी करते. तिला सांगून बघ, तुझा विश्वास नाही म्हणून." प्रत्येक शब्दापुढे त्या माझं नाव लावून बघायच्या. परधर्मी शुभांगी. अख्रिस्ती शुभांगी. मला हसू यायचं. त्यांना नाही.

कमिटीचे पास्कोल अंकल वैतागले. "आज्या-पणज्यांचे शब्द आहेत ते, क्लारा. तू कोण बदलणार?"

"त्याच शब्दाने मी माणूस तोडलाय, पास्कोल," टीचर म्हणाल्या आणि कागद गोळा करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांची धाकटी बहीण रोझी हिने मुलुंडच्या सदाशिव नावाच्या फिटरशी लग्न केलं होतं. लग्नानंतर जोडपं पाया पडायला दारात आलं. ऐन मे महिना, दुपारची वेळ. सदाशिवने पाणी मागितलं. टीचर तेव्हा तरुण होत्या, आणि पुस्तिकेतला शब्द तोंडात तयार होता. "मूर्तिपूजकाला ह्या घरात पाणी नाही." दोघं उंबऱ्यावरून परत गेली, ती कायमची. पुढे शाळेच्या स्टाफरूममध्ये एक बाई टीचरांना पाठीमागून 'बाटगी' म्हणाली. "कान जळले गं माझे. तेव्हा कळलं, मी त्याला काय दिलं होतं प्यायला. पण मुलुंडला जायची लाज वाटली. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिले." दोन वर्षांपूर्वी रोझी वारली. ते टीचरांना महिन्याभराने कुणा तिसऱ्याकडून कळलं.

"तू येशील माझ्याबरोबर? एकटीने पाय उचलत नाही." शाळेची पोरं जिला चळचळा कापायची ती बाई हे बोलत होती.

आम्ही गेलो. सदाशिवकाकांनी दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. न मागता पाण्याचा तांब्या आणि दोन पेले पुढे ठेवले. टीचर पेलाभर पाणी सगळं प्यायल्या.

"तुम्हाला कळवलं नाही," काका म्हणाले. "तुमच्या दारात पुन्हा उभं राहायचं नव्हतं मला."

"माझं चुकलं. माफ करा मला."

"मी काय माफ करणार? रोझी वाट बघत गेली." मग टीचर पुस्तिकेचं काय काय सांगू लागल्या, शब्द कसा बदलायचा आहे वगैरे. काकांनी ऐकून घेतलं. "मग आता आम्हाला काय म्हणणार?"

आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई पिशवीत शब्दांचा कागद शोधू लागली.

"मला नाव आहे," काका म्हणाले. "तुमची बहीण नावानेच हाक मारायची." त्यांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं, पण परत या असं काही म्हणाले नाहीत.

त्याच आठवड्यात टीचरांनी ती ओळ नव्याने लिहून आणली. 'प्रभू, आमच्या ............ ला सांभाळ.' मधे फक्त टिंबं. ज्याने त्याने तिथे थांबून आपल्या माणसाचं नाव घ्यायचं. मी विचारलं, "आणि उजेड दिसो ते?" तर म्हणाल्या, "त्यांच्याकडे अंधार आहे हे आपल्याला कुणी सांगितलं?" पास्कोल अंकल म्हणाले, लोक छपाईची चूक समजतील. "समजू देत," टीचर म्हणाल्या. "थांबतील तरी."

पुस्तिका छापून आली तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी पान उलटून ती टिंबं तेवढी बघितली. ईस्टरच्या आधीच गेल्या. मुलुंडहून कुणी आलं का, हे त्या शेवटपर्यंत विचारत होत्या, आणि दर वेळी नाही म्हणताना माझा जीव तुटायचा. मी काकांना फोन करून त्या गेल्याचं कळवलं, मेमध्ये क्रुसापाशी नवी पुस्तिका वाचणार तेही सांगितलं. ते "बरं" म्हणाले, आणि मला त्यांचा रागच आला.

मेमध्ये क्रुसापाशी पास्कोल अंकलनी नवी पुस्तिका वाचायला घेतली. त्या ओळीवर ते खरंच थांबले. लोक आधी बावचळले, मग कुणी शेजाऱ्याचं, कुणी जावयाचं, कुणी सुनेचं नाव पुटपुटलं. सगळे गप्प झाल्यावर माझ्या मागून एक आवाज आला. मी वळून बघितलं. सदाशिवकाका चपला काढून, हात जोडून उभे होते.

"क्लारा," ते म्हणाले.