बोराटीचा आडोसा
आमच्या मोसंबीच्या बागेला पूर्वी कुंपण असं नव्हतं, बोराटी होती. रानबोरीचं हे काटेरी झुडूप बांधाच्या कडेनं पुरुषभर उंच माजलेलं. त्याला एक काटा सरळ आणि एक वाकडा. सरळ काट्यातून सुटलात तर वाकडा धरून ठेवणार. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही बोराटी मुळासकट काढायचं मनावर घेतलं. भोकरदनच्या बाजारात त्यांनी काटेरी तारेची बंडलं पाहिली होती, तेव्हापासून बोराटी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. ती बागेचं पाणी पिते, तिच्यात साप राहतात, असं ते भेटेल त्याला सांगत.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण बोराटीच्या पलीकडे, ती आणि सडक यांच्यामधल्या खोलगट जागेत, आमच्या घरच्या आणि वस्तीवरच्या सगळ्या बाया बसायच्या. संडास गावात कुणाकडेच नव्हता. हे आबांना माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत असलेली गोष्ट लक्षात न घेण्यात आमच्याकडचे पुरुष पटाईत होते.

आणि बायांनी सांगावं तरी कसं? या एका गोष्टीबद्दल पुरुषांसमोर चकार शब्द काढायचा नाही, ही रीत. माय एकदा धीर करून म्हणाली, "सडकेकडची बाजू राहू द्या की."

"का बरं?"

"शेळ्या शिरतील."

"मंग तार कशापायी आणून राह्यलो मी?"

माय चुलीकडे वळली. वहिनीनं बोलायचा तर प्रश्नच नव्हता. ती मंठ्याकडची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, दिवस गेले होते, आणि सासऱ्यापुढे तिचा पदर कपाळाच्या खाली असायचा.

आबा आणि भाऊ कोयत्यानं झुडूप तोडायचे आणि पहारीनं मुळं खणायचे. कितीही खाली गेलं तरी मूळ आणखी खालीच. तोडलेले काटे ओढून न्यायला मात्र आम्ही बायाच होतो. आमचा आडोसा आम्हीच रक्ताळलेल्या हातांनी ओढत नेला आणि पेटवून दिला. त्याचा मला आजही संताप येतो.

मग तार आली. तारेतून सडक दिसायची आणि सडकेवरून आम्ही. बसचा आवाज आला की बसलेल्या बाया उठून पाठ फिरवून उभ्या राहायच्या. हळूहळू दिवसा जाणं बंदच झालं. तांबडं फुटायच्या आत, नाहीतर अंधार पडल्यावर.

वहिनीनं त्यावर आपला उपाय काढला. तिनं पाणी सोडलं. भर उन्हात ती बागेत खुरपायची आणि तांब्या पुढे केला की नुसते ओठ ओले करायची.

"वहिनी, प्या की बराबर," मी म्हणाले.

"पिल्यावर जायचं कुठं, बाई?" ती हसून म्हणाली.

थोड्याच दिवसांत तिला उन्हाळी लागली. लघवीला आग व्हायची, ती रडायची, पण आवाज बाहेर जाऊ द्यायची नाही. मायनं धणे भिजवलेलं पाणी दिलं. मग थंडी वाजून ताप भरला आणि पोटात कळा सुरू झाल्या. भाऊ आणि माय तिला बसनं जालन्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. सहावा महिना होता. मूल गेलं.

ही पाणी का पीत नव्हती, असं डॉक्टरांनी विचारलं. भाऊ म्हणाला, "ऊन लई हाये ना साहेब." माय शेजारीच उभी होती. तिथंही ती बोलली नाही.

पावसाळ्यात तारेखालून बोराटी परत फुटली. आबा चिडून पहार घेऊन निघाले, तर माय आडवी जाऊन उभी राहिली.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "तिच्या आडोशाला आम्ही बसत होतो. तो गेला म्हणून पोरीनं पाणी सोडलं. तुमचं नातवंड त्याच्यापायी गेलं."

मायच्या तोंडून हे ऐकताना भाऊ खाली बघत होता. आबांनी पहार तिथंच ठेवली आणि विहिरीकडे निघून गेले. त्यानंतर त्या बाजूला जायचं असलं की ते लांबूनच खाकरायचे. एवढं सोपं होतं ते. खाकरायला घसा आधीही होताच की.

बोराटी दोन-तीन वर्षांत पुन्हा डोक्याच्या वर गेली. वहिनीला पुढे मुलं झाली, आता ती लेकाकडे पक्क्या घरात राहते. तिच्या खोलीलाच लागून संडास आहे. गेल्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तिला पाण्याचा पेला भरून दिला. तिनं आधी दाराकडे पाहिलं, दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला.