बांधावरचा ससाणा

पौषातल्या सकाळी आम्ही चौघे पक्षी बघायला शेतांतून निघालो होतो. दूरदेशाहून हिवाळ्यापुरता आलेला एक ससाणा हरभऱ्याच्या बांधावर ऊन खात बसला होता. आमच्यातल्या एकाने ढेकूळ उचललं आणि सरळ त्याच्या अंगावर भिरकावलं. त्याला म्हणे उडतानाचा फोटो हवा होता.

शेजारच्या ज्वारीत गोफण घेऊन राखणीला उभी असलेली बाई म्हणाली, "आम्ही कणसं खाणाऱ्याला हाकलतो, भाऊ. यानं तुमचं काय खाल्लं होतं?"

तो कॅमेऱ्यात फोटो बघत नुसता हसला. माझं डोकंच सणकलं. त्याला फैलावर घ्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ढेकूळ पडल्यापासून ससाणा दिसेनासा होईपर्यंत मीही दुर्बीण लावून त्याचे उघडलेले पंखच बघत होतो.