खंडेनवमीला बंद पडलेला कंप्युटर

बाळांनो, आज खंडेनवमी. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला आणि त्या वासाने तुमच्या बाबाचा जुना कंप्युटर आठवला, म्हणून ही तुमची आजी लिहिते.

नाशिक रोडच्या घरी आजोबांनी त्याचीही पूजा केली होती. नंतर बाबा नोकरीचा अर्ज पाठवायला बसला, शेवटचाच दिवस होता, तर कंप्युटर सुरूच होईना.

"अण्णा, आत कुंकू गेलं!" बाबा आजोबांवर ओरडला.

"पूजलेलं शस्त्र आज चालवायचं नसतं," आजोबा म्हणाले. "त्याला कळतंय, तुला नाही!"

मी सॉकेटमध्ये टेस्टर घातला. दिवा लागला. मग वीज अडली कुठे? मला राहवेना. हार उचलून पाहिलं, तर तो खोचताना कॅबिनेटमागचं बटण बंद झालेलं. ते दाबून कंप्युटर सुरू केला, तसा पंखा घुमला, पाकळ्या उडाल्या. अर्ज गेला.

कंप्युटर केव्हाच भंगारात गेला. टेस्टरचा दिवा अजून लागतो.