बाटलीमागची बारीक अक्षरं

लोहाऱ्यातल्या दारूच्या दुकानात मी हेल्मेट घालून जातो. गाडी लांब, बसस्टँडच्या मागं लावलेली असते, तरी हेल्मेट डोक्यावर. शाळामास्तर म्हटल्यावर रांगेतले निम्मे लोक कुणाचे ना कुणाचे पालक निघतात. पण हेल्मेटात चष्मा बसत नाही, आणि चष्म्याशिवाय बाटलीमागची अक्षरं दिसत नाहीत. मग मी बाटली नाकाशी धरून फिरवत राहतो. "गुरुजी, फुडचं वाचा की, मागचं काय वाचताव?" दुकानदार सगळ्यांसमोर ओरडतो. म्हणजे हेल्मेटही फुकटच.

मला ग्लूटेन चालत नाही. ग्लूटेन म्हणजे गव्हातला तो चिकटपणा, ज्यानं कणीक ताणली जाते आणि माझं पोट बिघडतं. "गहू बंद," सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि वर एक छापील कागद दिला. मी तो घडी करून गाडीच्या डिकीत टाकला. गहू बंद एवढं कळल्यावर वाचायचं काय राहिलं? पोरांना 'प्रश्न शेवटपर्यंत वाचा' म्हणून ओरडणारा मी!

बायकोनं मात्र मनावर घेतलं. गव्हाचं पोतं भावाकडं पाठवलं. स्वतःची आणि पोरांची चपाती बंद केली, कारण एका पोळपाटावर दोन पिठं नकोत. गिरणीत आधीच्याचा गहू दळलेला असतो, म्हणून ती सकाळी पहिला नंबर लावायची आणि आपल्याच ज्वारीचं पहिलं पसाभर पीठ बाजूला काढून गाईला घालायची. सणाला मला पुरण वाटीत मिळायचं. मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून तीही वाटीतलंच खायची.

आणि मी? मी दर शनिवारी माकणीला मित्राच्या शेतात बसून बियर प्यायचो. या मित्राला जगातलं सगळं कळतं. "मास्तर, गहू बंद सांगितलाय न्हवं? बियर जवाची असती. ढोसा बिनघोर." मी सहा महिने ढोसली.

रक्ताच्या तपासणीत ग्लूटेनच्या त्रासाचा आकडा तसूभर हलला नाही. डॉक्टर चिडले. "दारू घेता?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हणालो. बायकोला माझे शनिवार माहीत होते, तिनं खाली बघितलं. "मग घरातूनच गहू जातोय पोटात," डॉक्टर तिच्याकडं बघून म्हणाले. परतताना एसटीत ती सारखं म्हणत होती, "गिरणीतनंच आला असंल. माझीच नजर चुकली." दुसऱ्या दिवशी ती गिरणीवाल्या मावशींशी चार बायकांसमोर कडाकडा भांडली आणि माहेराहून जातं आणवलं. रोज पहाटे घरघर सुरू झाली.

त्याच आठवड्यात डिकीत तो कागद सापडला. 'गहू, जव आणि त्यांपासून केलेले पदार्थ, उदाहरणार्थ बियर.' उदाहरणासकट छापलं होतं! मित्राचा राग आला, कागदाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

राग आला म्हणून दारू सुटते असं नाही. तेव्हापासून हे बाटल्या वाचणं मागं लागलं. रम उसाच्या मळीची, ती चालावी. व्हिस्कीवर 'माल्ट' लिहिलेलं, म्हणजे पुन्हा जवच. मित्र म्हणतो, वाफेवर काढलेल्या दारूत ते उतरत नाही. नसेल उतरत, पण यानंच मला बियर पाजली होती. एका बाटलीवर नुसतं 'रंग व स्वाद'. अरे, कशाचा रंग, कशाचा स्वाद? बरं, चखण्याला मसाला शेंगदाणे घ्यावेत, तर त्याला मैदा चोपडलेला आहे का, तेही कुणी सांगत नाही. शेवटी मी रमचा एक पेग आणि भाजलेल्या शेंगा घेऊन बसतो. बाकीचे गार बियर फोडतात आणि माझ्याकडं बघून म्हणतात, "बिचारं!" त्या 'बिचारं'नं माझं डोकं फिरतं.

तीन महिन्यांनी आकडा उतरला. "बघा, जात्यानं गुण आला," डॉक्टर बायकोला म्हणाले. ती लाजून हसली आणि गल्लीभर सांगत सुटली. दुसऱ्या पहाटे पुन्हा घरघर. तिच्या तळहाताला फोड आले होते, खांदा धरला होता.

"आता गिरणीतनं आणत जा," मी म्हणालो.

"वा! गुण आला आन् आता सोडू व्हय?"

मला राहवलं नाही. जव, बियर, कागद, सगळं सांगून टाकलं.

जातं थांबलं. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. तिनं जात्याभोवतीचं पीठ हातानं एकत्र ओढलं.

"म्हंजी मावशीला म्या चार बायकांत उगंच बोलले," ती म्हणाली.

"व्हय."

ती उठली, पदराला हात पुसले. "चला. त्याच बायकांफुडं तुमी सांगा, चूक कुणाची हुती ते."

सकाळी गिरणीत अर्धा गाव असतो, आणि त्यातले निम्मे पालक. मी चप्पल घातली आणि सवयीनं खुंटीवरच्या हेल्मेटकडं हात गेला.

"ते ठिवा," ती म्हणाली.