तीन नंबरचा काटा

उत्पला दूध पिता पिता झोपली आहे, पण तोंडातलं सोडत नाही. सुकेशिनी तशीच कुशीवर पडून राहते. जरा हललं की पोर जागं होईल. उशीपाशी लॅपटॉप उघडा आहे. पेपर मिलचा दुपारचा भोंगा होतो आणि संपता संपता लांबतच जातो, पातळ होत जातो. पापण्या मिटतात. पाचच्या आत अहवाल पाठवायचा आहे, हे मिटल्या डोळ्यांनाही ठाऊक असतं.

ती मिलच्या ऊर्जा विभागात आहे. विकास बँक मिलला कर्ज देणार आहे: जुने ड्रायर बदलायचे, वाफेच्या गळक्या नळांचं काम करायचं, म्हाताऱ्या बॉयलरच्या जागी नवा, बेताचा, कमी कोळसा खाणारा बसवायचा. बँकेला त्याआधी एकच गोष्ट कळायला हवी, आज वाफ लागते किती? साहेब म्हणाले होते, "जुन्या रजिस्टरातून उचला नि टाका मॅडम, दहा वर्षांचं लिहिलेलं आहे." काल तिने रजिस्टरं उघडली. तीन नंबरच्या मशीनपुढे दर तासाला चौदा टन. चौदा. चौदा. एखाद्या वेळी सव्वाचौदा. दिवाळीच्या शटडाऊनला मशीन चार दिवस थंडगार पडलं होतं, तेव्हाही चौदा. खाली गोलसर, जपून केलेली सही: हि. दुर्गे. हिरामण दुर्गे, तिचे बाबा. उत्पला जन्मायच्या तीन महिने आधी गेले.

ते पान तिने अजून कुणाला दाखवलेलं नाही.

भिंत ओली आहे. हात टेकला तर बोटं आत जातात, लगद्यात जावीत तशी. लेकीला कडेवर घेऊन सुकेशिनी घराच्याच बोळातून चालली आहे, फक्त दोन्ही बाजूंना ड्रायरचे मोठाले रूळ फिरताहेत आणि त्यांच्यावर कागदाऐवजी झबली वाळताहेत. उपड्या ड्रमवर बाबा बसलेत. खाकी शर्ट, कानांवरून दुपट्टा बांधलेला.

"इतल्या गरमीत लेकराले कायले आणलं वं?"

"तुम्हाला दाखवायला."

"लय उशीर केला तू."

"मी उशीर केला? तीन महिने दम निघाला नाही तुम्हालाच."

बाबा हसतात. हसता हसता खोकला येतो, तोच, शेवटच्या महिन्यातला. ती दुसरीकडे बघते, आणि दुसरीकडे दवाखान्याचा लांब बाक आहे. दोघं त्यावर बसलेत. सलाईनच्या दांडीला बाटली नाही, गोल मीटर टांगलेला आहे. काटा चौदावर.

"बाबा, मशीन बंद होतं त्या दिवशीही तुम्ही चौदा लिहिलंत."

"काटा अटकला होता. पयल्या सालात चार खेपा सांगतलं. साहेब म्हणे, सामान येऊन राहिलं. अन् रजिस्टरात रिकामं घर सोडलं का मेमो. मंग वरच्या पाळीचं पाहून आमी लिहू, आमचं पाहून खालची पाळी. नवा माणूस आला का आमीच सांगू, इथं चौदा टाकत जा."

"पण बंद मशीनला?"

"हाताले सवय लागते वं." बाबा आपल्या तळव्याकडे बघतात. "डोकं घरी ठेवून येते माणूस."

समोरून पांढऱ्या कोटातला कोणी जातो. त्याच्या पावलांखाली फरशी कागदासारखी चुरगळते.

"मी चौदा पाठवलं तर बॉयलर चौदाच्या मापाचा येईल," सुकेशिनी म्हणते. "खरी वाफ जास्त लागत असेल तर लहान पडेल."

"पडनच. मंग दामटतीन त्याले, फुटेपर्यंत."

"कोण?"

"माह्या जागेवर जो उभा असन तो."

"आणि खरं सांगितलं तर नव्याने मोजायला सहा महिने जातील. बँक थांबेल याचा भरवसा नाही. तीन नंबर कायमचं बंदही करतील. आणि सही तुमची आहे, बाबा. लोक म्हणतील, दुर्गे खोटं लिहायचा."

बाबा खिशातून लांब पेचकस काढतात, त्याचं टोक बाकामागच्या नळाला लावतात आणि लाकडी मूठ तिच्या कानाशी धरतात. आत वाफ धावते आहे. मध्येच कुठेतरी फुसकन सुटते, पुन्हा सुटते, धाप लागलेल्या माणसासारखी.

"आमी कानानं चालोली मशीन."

"खरी वाफ किती लागायची?"

"ईस टनाच्या घरात. पण माह्या कानाचा भरोसा नको धरू. तू मोज." मग ते उत्पलाला मांडीवर घेतात आणि मूठ तिच्या इवल्याशा कानाला लावतात. "हिलेबी आयकू दे आजाची नोकरी." पोर हलत नाही. डोळे मोठे करून ऐकत राहते.

"मी लिहिलं तर तुम्हाला वाईट वाटेल?"

"वाटन ना. तीस साल नाव सांभाळलं, कायले नाही वाटणार?" ते नातीच्या जावळावरून हात फिरवतात. "तरी लिही."

दूर कुठेतरी रूळ एकेक करून थांबायला लागतात. झबली खाली लोंबतात. एवढ्या मोठ्या मिलमध्ये इतकी शांतता तिने कधी ऐकलेली नाही.

"हिला द्या इकडे, बाबा."

"घे. भारी झाली."

तो भार तिच्या हातावर येतो. हात बधिर झालेला असतो, आणि तिचे डोळे उघडे असतात. साडेतीन वाजलेत. उत्पला जागी आहे, न रडता छताकडे बघते आहे.

स्वयंपाकघरातून आई विचारते, "उठली का वं? चहा मांडू?"

"मांड. आई, तुला एक सांगायचंय. बाबांबद्दल."

भांड्यांचा आवाज थांबतो. "वाईट हाये?"

"हो."

आई नळ बंद करते. "मंग चहा झाल्यावर सांग."

सुकेशिनी एका हाताने लिहिते. तीन नंबर मशीनचे वाफेचे आकडे कृपया ग्राह्य धरू नयेत. तेथील मीटर अनेक वर्षे बंद होता आणि नोंदी न मोजता केल्या गेल्या. नोंदी करणाऱ्यांत माझे वडील, कै. हिरामण दुर्गे, होते. शेवटचं वाक्य ती एकदा खोडते. पुन्हा लिहिते. पाठवते.

मग लेकीला दुसऱ्या बाजूला घ्यायला उचलते, तेव्हा तिला ते दिसतं. उत्पलाच्या उजव्या कानाभोवती लालसर, गोल वळ उमटला आहे. सुकेशिनी उशी चाचपते, गाऊनची बटणं बघते, दुपटं झटकते. त्या मापाचं काहीच नाही. ती वळावर अंगठा ठेवते. बाकीचं अंग कोमट आहे. तेवढाच गोल, नळाला टेकवलेल्या पेचकसाच्या लाकडी मुठीसारखा, ऊन लागतो.